दोन पंचांगांचे घर

जबलपुरातील जुन्या मराठी घरांत काळ मोजण्याच्या दोन रीती एकत्र नांदतात. आपले महिने अमावास्येला संपतात, शेजाऱ्यांचे पौर्णिमेला. शुक्ल पक्षात दोहोंचे जमते. वद्य पक्ष लागला की महिन्याचे नावच पालटते. महाशिवरात्र आपल्याकडे माघातली, त्यांच्याकडे फाल्गुनातली. दिवस मात्र एकच. वडाचे तसे नाही. त्याला सूत दोनदा गुंडाळले जाते: आधी अमावास्येला शेजारणींचे, मग पंधरा दिवसांनी ज्येष्ठी पौर्णिमेला आमचे.

ही दुहेरी गणना इतिहासाने पदरी घातली. १७८१ मध्ये हा प्रदेश सागरच्या मराठ्यांकडे आला, १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेला, १८१७ मध्ये इंग्रजांच्या हाती पडला. पुढे १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला; त्याची राजधानी नागपूर. त्यामुळे तिकडचा कारकून, शिक्षक वा वकील जबलपुरास आला तरी त्याचा प्रांत बदलत नसे. १९५६ मध्ये सीमा नव्याने आखल्या गेल्या आणि न हललेली माणसे परप्रांतीय ठरली. शाळा, कचेरी, बाजार हिंदीचे; मराठीला उरले स्वयंपाकघर, देवघर आणि हळदीकुंकू.

माघ शुद्ध सप्तमीला हे सारे एकवटते. ती आपली रथसप्तमी आणि येथली नर्मदा-जयंती. सकाळी अंगणात गोवरीवर बोळक्यातले दूध उतू घालायचे, दुपारी संक्रांतीपासून चाललेल्या हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस साजरा करायचा आणि संध्याकाळी ग्वारीघाटावर नदीत दिवे सोडायचे. यातले मराठी कोठे संपते आणि नर्मदाकाठ कोठे सुरू होतो, हे घरातल्या कोणालाही सांगता येणार नाही. सांगण्याची गरजही कोणाला वाटलेली नाही.

आमच्या समीक्षेने ‘रूढी’ हा शब्द बहुधा आरोपासारखा वापरला. तो आरोप खोटा नव्हे. याच हळदीकुंकवाने विधवेला वर्षानुवर्षे दाराआड ठेवले, हे मी माझ्याच घरात पाहिले आहे. त्याचे समर्थन मी करणार नाही. परंतु महाराष्ट्रात बसून रूढीचा हिशेब मांडणाऱ्यांच्या ध्यानात एक गोष्ट येत नाही. परमुलखात रूढी ही भाषेची शेवटची वसतीही असते. आमच्या तिसऱ्या पिढीच्या मुली घरी हिंदी बोलतात. वाण, ओटी, सवाष्ण, बोळके हे शब्द त्यांना ठाऊक आहेत ते या दिवसापुरतेच. विधी चुकत नाही; त्याभोवतीचे वाक्य मात्र हिंदी होते. (व्याकरणकारांनी या मिश्रणाला नाके मुरडण्याआधी ते एकदा कान देऊन ऐकावे.)

उखाण्याच्या वेळी हे विशेष जाणवते. माझी सून बुंदेली घरातली. यमक तिने कागदावर लिहून पाठ केले होते. ‘ळ’ तिच्या जिभेवर ‘ल’ होऊन उतरत होता. बायका हसल्या, तीही हसली. मग तिने शेजारच्या तिच्या आईला त्या दोन ओळींचा अर्थ हिंदीत समजावून सांगितला आणि तो अगदी बरोबर होता. माझ्या विधवा नणंदेला हळदीकुंकू लावायला तीच प्रथम उठली. दोघीतिघी गप्प झाल्या. कोणी काही बोलले नाही. मग वाण घेऊन सगळ्या लगबगीने निघाल्या. अंधार पडल्यावर घाटावर पाय ठेवायला जागा मिळत नाही.