निरंक

कचेरीत आयुष्यभर एक शब्द लिहीत आलो : निरंक. वरून माहिती मागवलेली असायची, आपल्याकडे सांगण्यासारखं काही नसायचं. तरी रकाना कोरा सोडायची सोय नव्हती. निवृत्तीनंतर हा शब्द सुटेल असं वाटलं होतं. आता भाईंदरला गोडदेवच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी आठ इंची दुर्बीण मांडून ताऱ्यांची पिधानं टिपतो, आणि बहुतेक रात्री हाच शब्द लिहून खाली उतरतो.

पिधान म्हणजे झाकलं जाणं. नेपच्यूनपलीकडचा एखादा गोठलेला गोळा ताऱ्यासमोरून सरकतो. गोळा माझ्या दुर्बिणीत दिसायची शक्यताच नाही. तारा मात्र काही सेकंद विझतो. तेवढा वेळ गोळ्याची सावली आपल्या अंगावरून गेलेली असते. ती पळते सेकंदाला वीसेक किलोमीटर, म्हणजे भाईंदर ते चर्चगेट दोन सेकंदांत. फास्ट लोकलला तास लागतो, तोही रविवारचा ब्लॉक नसेल तर.

खरी गोम भाकितात आहे. सूर्य-पृथ्वी अंतराच्या चाळीस पट दूर असलेल्या गोळ्याची जागा एका विकलेच्या हजाराव्या भागाने चुकली, की सावलीचा पट्टा तीस किलोमीटर सरकतो : भाईंदरऐवजी दादर. गाया यानाने ताऱ्यांच्या जागा अतिशय बारकाईने मोजून दिल्यापासून तारा फारसा दगा देत नाही. गोळ्याच्या कक्षेचा हिशेब मात्र अजून कच्चाच.

म्हणून निरंकला किंमत. समजा अंधेरीला तारा विझला आणि गोडदेवला तेवतच राहिला, तर गोळ्याची कडा मध्येच कुठेतरी, बोरिवलीच्या आसपास. पण ‘नाही’ म्हणणाऱ्याला ढग नव्हते आणि त्याचं घड्याळ बरोबर होतं, हे पक्कं हवं. ३ जून २०१७ रोजी ॲरोकोथ या नेपच्यूनपलीकडच्या गोळ्याच्या सावलीसाठी दक्षिण आफ्रिकेत आणि अर्जेंटिनात दुर्बिणींच्या रांगा लावल्या होत्या. एकीलाही ती सापडली नाही. त्या सगळ्या निरंकांवरूनच गोळा वाटला त्याहून लहान असावा अशी शंका आली. १७ जुलैला पॅटागोनियात पुन्हा रांग लावली. वारा अडवायला ट्रक आडवे उभे केले, आणि या वेळी पाच दुर्बिणींतून तारा विझलेला दिसला. त्या गोळ्यापाशी एक यान पोचलं ते दीड वर्षाने. कधी तारा मधल्या मोठ्या झाकोळाआधी आणि नंतरही जरासा मिचकतो. २०१३ साली चॅरिक्लो या छोट्या गोळ्याभोवतीची कडी अशीच सापडली.

माझ्याही आलेखात एकदा खड्डा पडला होता. कॅमेऱ्यातल्या प्रत्येक फ्रेमवर जीपीएसची वेळ छापलेली, तारा सुरेख तेवतोय, आणि भाकिताच्या वेळेच्या चार सेकंद आधी उजेड धाडकन तळाला. मी टाकीला धरून अक्षरशः उडी मारली. सकाळी चहा घेता घेता शेजारचा ताऱ्याचा ठिपका मोजला. नेमक्या त्याच क्षणी तोही विझलेला! दोन तारे एकदम झाकणारा गोळा अजून जन्मायचाय. खालचा पंप सुरू झाला होता. पाइप थरथरला, गच्ची थरथरली, आणि दोन्ही तारे मोजणीच्या चौकटीबाहेर निसटले. निरंकही लिहिता आलं नाही, कारण नेमक्या हव्या त्या क्षणी मी आंधळा होतो. कचेरीत अशा कागदावर ‘फेरसादर’ मारायचो; इथे फेर कुठला?

६ जून २०२० ला नैनितालजवळ देवस्थळच्या दुर्बिणींनी प्लूटोने झाकलेला तारा टिपला. तारा विरळ वातावरणामुळे हळूहळू मंदावला, आणि त्यावरून प्लूटोच्या पृष्ठभागावरचा हवेचा दाब पृथ्वीवरच्या दाबाच्या ऐंशी हजाराव्या भागाहूनही कमी निघाला. आमच्याकडे निसर्ग वादळ जाऊन तीनच दिवस झाले होते. पुढे चातुर्मास, दुर्बिणीवर प्लास्टिक.

परवाच्या रात्रीही तारा तेवतच राहिला. अहवाल भरून उतरलो तेव्हा गेटवर वॉचमन मामा जागेच होते.

‘दिसलं का साहेब?’

‘नाही.’

‘मग एवढी रात्र?’

‘नाही दिसलं, ते कळवलं.’

मामांनी बिडी विझवली. ‘पुढचं कधी?’

‘तीन आठवड्यांनी. पहाटे चारच्या सुमाराला.’

‘चारला पाणी येतं,’ मामा म्हणाले. ‘साडेचारला लावतो पंप.’