देठ राखून

माटोळी बांधायला एक दुपार पुरते. ती जमवायला सगळा पावसाळा लागतो, आणि कुठे काय उगवते हे ठाऊक व्हायला त्याच्याही आधीचे महिने. चवथीच्या तोंडावर डिचोलीच्या बाजारात जाऊन जो सामान घेतो, त्याला हे सांगून पटत नाही. तिथे सगळे एका जागी मिळते: कांगलांचे झुबके, कवंडळे, घागऱ्या, कुड्याच्या शेंगा, आंबाडे, फागले, तोरिंग. सत्तरीतून, आजूबाजूच्या गावांतून बायका टोपल्या भरून आणतात. रानावनात पावसात फिरून त्यांनी ते गोळा केलेले असते, त्यांच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. पण मला माटोळी शिकवली भाईंनी, आणि भाईंच्या शिकवणीत बाजार सगळ्यांत शेवटी यायचा.

गोव्याबाहेरच्या वाचकासाठी थोडे सांगायला हवे. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर, आढ्याला टांगलेली लाकडी चौकट असते. तिच्यावर पोफळीच्या रिपा आडव्या-उभ्या बांधून जाळी करायची आणि तिला फळे, शेंगा, पाने, फुले, नारळाची पेंड, सुपारीचा घड लटकवायचा. ही माटोळी. मखर नसले तरी चालते, विजेच्या माळा नसल्या तरी चालतात, माटोळीशिवाय चवथ होत नाही. परसातले आणि रानातले त्या दिवसांत जे जे पिकते, त्याची देवापुढे हजेरी लागते. खायची फळे असतात तशी कडू आणि विषारीही असतात. देवाला सगळे चालते.

भाई मुळगावातल्या आमच्या वाड्यावरच्या बालमंडळाचे प्रमुख. मंडळ म्हणजे काही नोंदणी, पावती, पदाधिकारी असले नव्हते. रविवारी सकाळी केळबाईच्या देवळाकडे जमायचे, एवढाच नियम. आठवडाभर भाई एका खाणीच्या वजनकाट्यावर कारकून. लोखंडाच्या मातीचे ट्रक त्यांच्या पुढून जायचे, नदीकाठी बार्जमध्ये रिकामे व्हायचे आणि ती माती मुरगाव बंदराच्या वाटेला लागायची. दिवसभर धुळीत बसून आलेला हा माणूस रविवारी आम्हां पोरांना घेऊन डोंगरावर का जायचा, हे तेव्हा कुणी विचारले नाही. आम्हांला तो आमचा हक्क वाटायचा. आरत्या पाठ करून घेणे, घुमटावर हात बसवणे, शिमग्याला रोमटात कुणी कुणाचा पाय तुडवू नये म्हणून रांग लावणे, विहिरीच्या कट्ट्यावरचे शेवाळ घासणे, हे सगळे त्या रविवारांत बसायचे. पण भाईंचा जीव माटोळीत होता.

त्यांची रीत अशी. मिरगाचा पाऊस पडला की पहिल्या रविवारी ते प्रत्येकाला एकेक नाव द्यायचे. कुणाला कांगलां, कुणाला कळलावी, कुणाला शेरवड. ते झाड किंवा ती वेल आता त्या मुलाची. तोडायची नाही, पाहायची. दर रविवारी येऊन सांगायचे: कोंब आला, पाने किती मोठी झाली, कळी धरली की नाही, कुठल्या कुंपणावर आहे, ते कुंपण कुणाचे. भाई ऐकून घ्यायचे आणि एखादाच प्रश्न विचारायचे. "काल बघितलंस की मागच्या आठवड्यात?" खोटे सांगणाऱ्याला ते कधी रागावले नाहीत. "मग आता जाऊन ये, आम्ही थांबतो," म्हणायचे, आणि खरेच सगळे मंडळ थांबायचे. पोरगा धावत जाऊन, भिजून, धापा टाकत परत यायचा आणि पाहिलेले सांगायचा. सगळे थांबलेले असल्यामुळे त्याचे सांगणे महत्त्वाचे होऊन जायचे.

माझ्या वाट्याला कवंडळ आले होते. एका पडक्या गडग्यावर चढलेली वेल. तिचे फूल पांढरे, पाकळ्यांच्या कडा धाग्याधाग्यांनी विस्कटलेल्या, आणि ते रात्री उमलते. सकाळी गेले तर गळून गेलेले. मी दोन-तीनदा जाऊन "फूल नाही" असेच सांगत राहिलो. भाई म्हणाले, "संध्याकाळी बाबांना घेऊन जा, बत्ती घेऊन." बाबांना घेऊन गेलो तेव्हा फूल दिसले. मग हिरवे, फिकट पट्ट्यांचे फळ आले, हळूहळू नारिंगी झाले, तांबडे झाले. ते कडूजहर आहे, हात लावला की तोंडाला हात न लावता धुवायचे, हेही भाईंनीच सांगितले. कळलावीबद्दल तर ते फार काटेकोर होते. तिचा कंद विषारी. फूल कितीही देखणे असले तरी मुळाशी हात घालायचा नाही, ज्याच्या वाट्याला ती वेल त्याच्या आईलाही त्यांनी जाऊन बजावलेले असायचे.

मुले सांभाळायची कला मी नंतर पुष्कळ ठिकाणी पाहिली. शिबिरे पाहिली, शिट्टीवर चालणारी पथके पाहिली, गाणी म्हणून घेणारे दादा आणि ताई पाहिल्या. साने गुरुजींच्या प्रेरणेने वाढलेली सेवादलाची माणसे पाहिली. राजेंद्र केरकरांनी सत्तरीतल्या केरीहून रानाबद्दल जे लिहिले-बोलले ते वाचले, ऐकले. प्रत्येकाची रीत वेगळी आणि प्रत्येक रीतीत काही तरी घेण्यासारखे आहे. भाईंकडे भाषण नव्हते. ते मुलाला एक खरी गोष्ट सोपवायचे आणि तिच्याबद्दल त्याचा शब्द प्रमाण मानायचे. दहा वर्षांच्या पोराचा शब्द प्रमाण मानणारा मोठा माणूस त्या वयात क्वचितच भेटतो. मला तो भेटला. माझ्या बरोबरीच्या ज्या ज्या पोरांना तो भेटला, ती आज पन्नाशीतही डोंगराकडे बघून थांबतात.

आता बांधण्याबद्दल. माटोळी बांधणाऱ्याचा हात देठावरून ओळखावा. बाजारातले पुष्कळसे सामान देठ खुडून आणलेले असते, कारण टोपलीत जागा कमी लागते. मग लोक फळाच्या गळ्याला सुतळी आवळतात. पहिल्या दिवशी ते छान दिसते. तिसऱ्या दिवशी देठाकडची साल सुकते, आकसते, सुतळी सैल पडते आणि आरतीच्या वेळी फळ खाली येते. भाईंचा दंडक होता: फळ तोडायचे ते देठ राखून, आणि देठासकट फांदीचा बोटभर तुकडाही आणायचा. देठ उभा, फांदीचा तुकडा आडवा. केवणीचा दोर त्या आडव्या तुकड्याखालून घेतला की फळ कितीही सुकले तरी सुटत नाही. कोयतीने कापायचे, ओरबाडायचे नाही. ओरबाडले की वेलीची साल सोलली जाते आणि पुढच्या वर्षी तिथे काही धरत नाही.

दोर केवणीचाच. मुरुडशेंगेचे झाड म्हणजे केवण. तिच्या पिळलेल्या शेंगा बाळगुटीत उगाळतात हे घरोघरी माहीत असते, पण सालीचे मोल माटोळीवाल्याला. अंगठ्याएवढ्या जाडीची सरळ काठी निवडायची, खालून वर साल सोलायची, बाहेरचा हिरवा पापुद्रा पात्याच्या पाठीने खरवडायचा आणि आतल्या पांढऱ्या पट्ट्या पाण्यात टाकायच्या. ओल्या असताना बांधल्या की सुकताना त्या आवळत जातात. सुतळीचे उलटे होते, प्लॅस्टिकची दोरी तर गाठ धरतच नाही. भाई पट्टी दातांनी चिरायचे, बारीक आणि एकसारखी. मी अजून सुरीने चिरतो, ती तेवढी एकसारखी येत नाही.

आणि चिबूड. चिबूड हे माटोळीतले सगळ्यांत अवघड फळ. त्याचा वास घरभर सुटतो, म्हणून ते हवेच. पण ते पिकत जाते आणि उकलते. घरात समया, माणसांची ऊब, दमट हवा. दीड दिवसाच्या गणपतीत निभावते. पाच, सात, नऊ दिवसांच्या घरी चिबूड एका रात्री फुटून देवावर पडायचे. म्हणून चिबूड कधीच मूर्तीच्या वर नाही, बाजूला भिंतीकडे. आणि नुसता देठाने नाही, केवणीचे शिंके विणून त्यात. शिंक्याची वीण आठ पट्ट्यांची. तळाशी एकत्र बांधायच्या, मग दोन-दोन शेजारच्या पट्ट्यांना गाठ, पुन्हा वरच्या फेरीत त्या सुट्या करून दुसऱ्या शेजारणीशी गाठ. फळ आत ठेवून विणायचे, विणून मग फळ घालायचे नाही. म्हणजे शिंके त्या फळाच्या अंगाचे होते. हे मी भाईंच्या मांडीला मांडी लावून शिकलो. ते गाठ मारून दाखवायचे, मग ती सोडायचे आणि पट्ट्या माझ्या हातात द्यायचे. आपण बांधलेले त्यांनी कधीच तसे ठेवले नाही, आमच्याकडूनच बांधून घेतले. त्यामुळे आमच्या मंडळाने बांधलेली देवळाकडची माटोळी थोडी वाकडी असायची. मोठी माणसे कुरकुरायची. भाई हसायचे.

वजनाचा तोल मात्र ते स्वतः बघायचे, कारण तिथे खेळ नको. चार कोपऱ्यांना नारळाची पेंड, समोरासमोर सारख्या वजनाची. केळ्यांचा घड एका अंगाला तर दुसऱ्या अंगाला सुपारीचा. हलके, रंगीत, नाजूक ते मध्ये. कांगलांचे झुबके समोरच्या कडेला, कारण ती तडकून आतले लाल बी दिसू लागते ते येणाऱ्याला दिसले पाहिजे. शेरवडाची पांढरी पाने काळोख्या कोपऱ्यात.

आमचे मुळगाव डिचोलीच्या टोकाला आहे. पलीकडे अस्नोडा, तो बार्देश. बार्देश 1543 साली पोर्तुगीजांकडे गेला. डिचोली त्यांच्या हाती पडली ती 1781 च्या सुमारास, दोनशेहून अधिक वर्षांनी. मधल्या काळात पलीकडे देवळे पडली, सण लपून करावे लागले. तिसवाडी-बार्देश-सासष्टीतल्या काही घरांत आजही मूर्तीऐवजी कागदावरचा गणपती किंवा पत्री पुजतात, ती त्या काळाची खूण मानली जाते. भाई आम्हांला हे चालता चालता सांगायचे, अस्नोड्याकडे हात करून. मूर्ती लपवता येते, मोडता येते. रानातली शेंग आणून आढ्याला बांधली तर कोण काय करणार, असा त्यांचा विचार होता. इतिहासाच्या पुस्तकात तो कितपत टिकेल, हा प्रश्न मी कधी केला नाही. पण एखाद्या गावाने आपला देव आपल्या डोंगराला बांधून ठेवावा, यात त्यांना फार मोठे काही दिसायचे.

तोच डोंगर पुढे कापला गेला. ज्या उतारावर कांगलांच्या वेली होत्या तिथे आता पायऱ्यापायऱ्यांचा खड्डा आहे. पावसाळ्यात त्यातले तांबडे पाणी खाली येते, शेतात गाळ बसतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 2012 साली गोव्यातल्या खाणी थांबल्या, 2018 साली पुन्हा थांबल्या. मधल्या शांततेत कडेकडेने केवण आणि कुडा परत उगवताना मी पाहिला. आता पुन्हा लिलाव, पुन्हा ट्रक. भाईंची रोजीरोटी त्या मातीवर चालली होती आणि त्यांचे रविवारही त्याच मातीवर. या दोन्हींचा मेळ त्यांनी मनात कसा घातला, हे मला विचारायला हवे होते असे आज वाटते. आम्हांला त्यांनी एवढेच सांगितले होते की वेल गेली तर तिचे बी कुणाच्या तरी घरात असले पाहिजे.

म्हणून विसर्जनानंतर माटोळी उतरवण्याचा दिवस त्यांच्या लेखी चवथीइतकाच मोठा. खायचे ते वाटून टाकायचे, आंबाडे आणि फागले स्वयंपाकघरात जायचे. बाकीच्यांचे बी काढायचे: कवंडळ फोडून राखेत चोळायचे, घागऱ्या वाळू द्यायच्या, कांगलांचे दाणे वेगळे करायचे. कागदाच्या पुड्या, पुडीवर नाव, आणि पुडी त्याच मुलाकडे ज्याने ती वेल सांभाळली होती. कुठे पेरायचे हे तो ठरवणार.

आज कला आणि संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धा होतात. चांगलेच आहे, त्यामुळे तरुण पोरे या कामाकडे वळली. पण जिन्नस मोजायची एक सवय लागली आहे. यादी लांबवण्यासाठी दुर्मीळ झाड मुळासकट उपटून आणलेले मी पाहिले आहे. ती माटोळी कितीही भरगच्च असली तरी तिच्याखाली उभे राहून मला आरती म्हणवत नाही. पुन्हा उगवणार नाही ते देवाच्या डोक्यावर टांगू नये. या बाबतीत माझे मत ठाम आहे आणि परीक्षकांनाही मी ते सांगतो.

भाई गेले त्याला बरीच वर्षे झाली. मंडळ मधल्या काळात मोडले होते, ते आता पुन्हा भरते. मी आणि माझ्या बरोबरीचे दोघे मिळून चालवतो. भाईंच्या वेळी डोंगरावर फक्त मुलगे जायचे. आता मुली जास्त येतात आणि झाडाची नोंद त्या अधिक नेमाने ठेवतात. काही जणी मोबाइलवर फोटो काढून आणतात. पहिल्यांदा मला ते रुचले नव्हते, पण फोटोवर तारीख असते, आणि "काल बघितलंस की मागच्या आठवड्यात?" हा प्रश्न विचारावा लागत नाही. तरी मी विचारतो, कारण फोटोत न आलेले त्या मग तोंडी सांगतात: कुंपणवाल्या आजींनी वेल कापायला कोयता काढला होता, तो कसा थांबवला ते.

कांगलां आता गावात एकाच ठिकाणी उरली आहेत. यंदा तिथून एकही झुबका घ्यायचा नाही असे मंडळाने ठरवले आहे. माटोळीला लागतील तेवढी बाजारातून आणू, आणि त्यांचे बी शाळेच्या मागच्या गडग्याला लावू. गडग्याला बी लावायला परवानगी मिळाली आहे. पहिल्या पावसाआधी तिथली दगडमाती नीट करायची आहे.