एकोणचाळीस किलोंचा सत्कार

सत्कार व्हायला माणसाने काहीतरी मिळवलेले असावे लागते, अशी माझी पन्नास वर्षे समजूत होती. कुणी परीक्षेत पहिला येतो, कुणी निवडणूक जिंकतो, कुणी काहीच न करता साठ वर्षांचा होतो. पण जमेच्या बाजूला काही ना काही पडलेले असते. गमावल्याबद्दल शाल-श्रीफळ मिळालेला माणूस माझ्या पाहण्यात नव्हता. तो योग माझ्याच नशिबी होता. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर यवतमाळहून छापील पत्रिका आली. आमच्या शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा दिवाळीनंतर भरणार होता, आणि त्यात 'जिद्द व व्यायाम यांच्या बळावर एकोणचाळीस किलो वजन घटवणारे आपले बंधू' म्हणून माझा जाहीर सत्कार योजला होता.

पत्रिकेत एक शब्द कमी होता : शस्त्रक्रिया. पण त्यात छापणाऱ्याचा दोष नव्हता. तो शब्द मीच कुणाला कळवला नव्हता. वजन कसे उतरवले असे कुणी विचारले की मी 'रोज सहा किलोमीटर चालतो' असे सांगे, आणि ते खरेच होते. अर्धे सत्य सांगून माणसाला पूर्ण झोप लागते. फक्त ते कुणी पत्रिकेवर छापू नये!

मुंबईहून वर्ध्यापर्यंत आगगाडी आणि तिथून पुढे एस.टी., असा बेत केला. पूर्वी आम्ही धामणगावला उतरून बाभुळगावावरून जात असू. यवतमाळची स्वतःची गाडी म्हणजे मूर्तिजापूरहून येणारी, अरुंद रुळांवरची शकुंतला. ती आता बंद पडली आहे. वर्ध्याहून निघालेली नवी रुंद लाइन २०२४ च्या फेब्रुवारीत कळंबपर्यंत पोचली. तरीही मी एस.टी.नेच निघालो, याला कारण आहे. आठ वर्षांपूर्वी याच रस्त्यावर शेजारच्या सहप्रवाशाने, "साहेब, तुम्ही तिकिटं दोन काढली असतीलच!" असे मोठ्याने म्हटले होते आणि सारी गाडी हसली होती. सर्वांच्या आधी मी हसलो होतो. जाड माणसाला ही सवय लावून घ्यावीच लागते. या खेपेला मी तिघांच्या बाकावर तिसरा बसलो आणि कुणाचे माझ्याकडे लक्षही गेले नाही. सत्कार झालाच असेल, तर तो तिथेच झाला.

देवळी मागे पडली. वर्धा नदीचा पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा लागतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस फुटला होता आणि ओट्या बांधून बाया ओळीने वेचत होत्या. या मुलखात किलो हा शब्द मुख्यतः कापसासाठी आहे. दिवस कलला की धुऱ्यावर काटा टांगतात, जिने तिने आपले गाठोडे त्याला लावायचे, आणि जितके किलो तितकी मजुरी. मी माझ्या एकोणचाळीस किलोंचा हिशोब मनात घोळवीत खिडकीतून पाहत होतो.

कळंबला मुद्दाम उतरलो. तिथले चिंतामणीचे देऊळ तुम्ही पाहिले असेल तर ठाऊकच असेल की गाभारा जमिनीच्या पातळीहून चांगलाच खोल आहे. देवदर्शनाला बहुतेक ठिकाणी चढून जावे लागते आणि येताना उतार. इथे नेमके उलट. जाताना पाय आपोआप चालतात, परत येताना देव आठवतो. मधली कित्येक वर्षे मी वरच्या पायरीवरूनच हात जोडून परतत असे. या वेळी खाली उतरलो आणि कुठेही न थांबता वर आलो. गंमत अशी की, हा पराक्रम मी निवेदन केला तो लंबोदरापुढे! पोटावरून नाव पडले आणि तरीही पहिल्या पूजेचा मान गेला नाही, असे भाग्य त्याचे एकट्याचे.

कळंबहून पुढे चढ लागतो. यवतमाळ खरोखरच माळावरचे गाव आहे; समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच. संध्याकाळी हवेत गारवा होता. वर्गमित्राच्या दारात पाऊल टाकले, तोच त्याची म्हातारी आई समोर आली आणि मला पाहून थबकली.

"अगं माय! काय झालं रे बाबू तुले? कोन्ती बिमारी लागली?"

मी म्हटले, "काकू, मुद्दाम कमी केलं वजन."

"मुद्दाम?" काकूंनी लेकाकडे पाहिले, जणू मी डोक्याने बरा आहे ना, असे त्याला विचारीत होत्या. त्यांचे तरी काय चुकले? त्यांनी उभ्या आयुष्यात माणसे वाळताना पाहिली ती तापाने, नापिकीने, नाहीतर सावकाराच्या घोराने. गेली वीस-पंचवीस वर्षे या जिल्ह्याचे नाव वर्तमानपत्रांत बहुधा कशासाठी येत आले, ते वाचकांना सांगायला नको. त्या गावात मी पैसे मोजून बारीक होऊन आलो होतो आणि वर शाल घेणार होतो.

रात्री रोडगे आणि वांग्याची भाजी होती. मी पाव रोडगा खाऊन हात आवरला, तेव्हा काकूंचा संशय पक्का झाला. त्या आत गेल्यावर मित्राने हळूच विचारले, "खरं सांग. एवढंसं खाऊन कसं भागते?" मग मी सांगितले.

लठ्ठपणावरची शस्त्रक्रिया काही कालपरवाची नाही. आतड्याचा मोठा भाग वगळून जोड देण्याचा प्रयोग अमेरिकेतल्या मिनेसोटातील शल्यवैद्यांनी १९५४ साली प्रसिद्ध केला. १९६६ साली आयोवाच्या एडवर्ड मेसन यांनी जठरालाच बगल देण्याची शस्त्रक्रिया केली. माझी झाली तिला 'स्लीव्ह' म्हणतात. पोटावर चार-पाच लहान छिद्रे पाडून, दुर्बिणीतून पाहत जठराचा पाऊण किंवा त्याहून थोडा अधिक भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी मागे ठेवतात. जागा कमी होते हे उघडच आहे. पण भुकेची वर्दी मेंदूला देणारे ग्रेलिन नावाचे द्रव्य मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होते, म्हणून भूकही ओसरते. आधी नुसते पातळ, मग मऊ, मग मोजके घास. जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर. आणि चालणे! ते सोडले, गोड पेये सुरू केली, तर गेलेले वजन जुन्या ओळखीने परत येते.

"मंग लपवून काहून ठेवलं?" मित्र म्हणाला.

"लोक म्हणतील, कापून घेतलं, कमावलं नाही."

"अपेंडिक्स काढलं तं लपवते काय कोनी? अन् आपल्या नागपूरच्या गडकरीसाहेबांचं ऑपरेशन तं पेपरात आलं होतं!"

ते खरे होते. नितीन गडकरी यांनी २०११ च्या सप्टेंबरात मुंबईत अशीच वजनाची शस्त्रक्रिया करून घेतली आणि ती बातमी देशभर छापून आली. पुढे २०२२ च्या फेब्रुवारीत उज्जैनच्या जाहीर सभेत त्यांनी आपले वजन पूर्वी १३५ किलो होते आणि आता ९३ आहे, असे सांगितले. आणि तिथले खासदार अनिल फिरोजिया यांना पैज घातली की, जितके किलो उतरवाल तितके हजार कोटी रुपये तुमच्या भागाच्या कामांना देईन. फिरोजिया व्यायाम आणि पथ्याच्या मागे लागले. जूनपर्यंत त्यांनी १५ किलो उतरवले आणि पंधरा हजार कोटींवर हक्क सांगितला! वेचणीच्या बायांना हा भाव सांगितला असता, तर त्यांनी कापूस सोडून काय केले असते कोण जाणे.

पण याच गृहस्थांची दुसरी बातमी आमच्याच जिल्ह्यातली आहे. २४ एप्रिल २०२४ रोजी पुसदच्या निवडणूक सभेत बोलता बोलता त्यांना भोवळ आली. उकाड्याने अस्वस्थ वाटले, असे त्यांनी मागाहून कळवले. थोड्या वेळाने परत येऊन त्यांनी भाषण पुरे केले. व्यासपीठावर चढताना माणूस आपले यश घेऊन चढतो, पण देह त्याच्याबरोबर असतोच आणि तो कुणाची पत्रिका वाचून वागत नाही. त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सभागृह भरले होते. सत्कार आमच्या ड्रिलच्या गुरुजींच्या हस्ते होता. ते आता ऐंशीच्या पुढचे, पण पाठ अजून काठीसारखी. आमच्या वेळी दर जूनमध्ये ते पोरांना शेजारच्या अडत्याच्या काट्यावर उभे करून वजन वहीत लिहीत, आणि ज्याचे वाढले असेल त्याच्या पाठीवर थाप देत. वऱ्हाडात व्यायाम शिकवला गेला तो अंग भरावे म्हणून. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. त्याच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ करून दाखवले. ती मांडी, ती छाती पाहून वाढलेल्या गुरुजींना आज वजन घटल्याबद्दल हार घालायचा होता.

सूत्रसंचालक रंगात आले होते. "ना औषध, ना ऑपरेशन! केवळ मनोबल, मित्रहो, केवळ मनोबल!" टाळ्यांचा कडकडाट झाला. गुरुजींनी शाल उघडली. मी त्यांचा हात धरला आणि म्हटले, "गुरुजी, आधी दोन शब्द बोलतो."

काय बोललो ते नीटसे आठवत नाही. ऑपरेशन झाले, हे सांगितले. रोज सहा किलोमीटर चालतो तेही सांगितले. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून जो आकडा येतो तो माझा ४२ होता, आता २८ आहे. आणि आपल्या लोकांसाठी २५ च्या पुढे लठ्ठपणाच धरतात, म्हणजे तुम्ही बारीक म्हणून उभा केलेला हा इसम हिशोबाने अजून लठ्ठच आहे, हेही सांगितले. सभागृहात शांतता पसरली. मग मागून कुणीतरी ओरडले, "मंग सत्कार डॉक्टरचा करा ना जी!"

सगळे हसले. मीही हसलो, पण या वेळी सर्वांच्या मागून.

गुरुजी मात्र हसले नाहीत. त्यांनी शाल माझ्या खांद्यावर टाकली आणि ध्वनिक्षेपकापासून तोंड वळवून विचारले, "चालणं डॉक्टर करते की तू करतं?"

"मी, गुरुजी."

"मंग उभा राह्य नीट."

टाळ्या झाल्या, पहिल्यापेक्षा बऱ्याच कमी. मी खाली उतरलो तेव्हा पायऱ्यांपाशी एक पंचविशीतली मुलगी आईला मागे ठेवून उभी होती. अंगाने चांगलीच थोराड. तिने इकडेतिकडे पाहून विचारले, "काकाजी, लय दुखते काय जी?"

मला वाटते, त्या गावात मला तोवर कुणीही विचारलेला तो पहिला खरा प्रश्न होता. ती चार वर्षे पहाटे चालत होती. साखर वाढली होती, गुडघे बोलू लागले होते, आणि पाहायला आलेला प्रत्येक पाहुणा तिला 'थोडं चालत जा' असा सल्ला देऊन जात होता. मी अर्ध्या सत्यावर सत्कार घेतला असता, तर तिने घरी जाऊन एवढाच अर्थ काढला असता की, या माणसाला जमले, मला जमत नाही, म्हणजे माझ्यातच जिद्द नाही. मी तिला ठाऊक होते तेवढे सांगितले : दुखते, पण दोन-चार दिवस, खर्च लाखांत जातो, ही गोष्ट प्रत्येकासाठी नाही, आणि आपल्यासाठी आहे की नाही ते चांगल्या डॉक्टरने तपासून ठरवायचे, पण विचारण्यात लाज नाही. तिने पदराआड डोळे पुसणाऱ्या आईला पुढे बोलावले आणि म्हणाली, "आई, तू आईक."

परतीच्या एस.टी.त कळंबला वेचणीच्या दोन बाया चढल्या. एक माझ्या शेजारी बसली. मांडीवर शाल आणि नारळ पाहून तिने विचारले, "लग्नाहून येऊन राह्यले काय भाऊ?"

मी खरे ते सांगितले. आता सवय लागली होती.

"किती कमी झालं?"

"एकोणचाळीस किलो."

तिने क्षणभर मनात तोलले. "एवढा तं आम्ही दिवसात वेचतो," ती सहज म्हणाली. मग नारळाकडे पाहत विचारले, "वापस येते काय थे वजन?"

"येऊ शकतं."

"मंग रोज काटा पाहत जा," ती म्हणाली, आणि नदीचा पूल येईपर्यंत खिडकीला डोके टेकून झोपी गेली.