शेपूट सांभाळून, बॉस!

टेंभी नाका सगळ्यांना नवरात्रातल्या देवीमुळे माहीत. आमच्याकडे येणाऱ्या ड्रायव्हरना मात्र सोसायटीच्या खड्या उतारामुळे! गुडघेदुखीवाल्या आईला कोकण दाखवायला भाड्याची कॅरॅव्हॅन आणली. निघालो, मागची चाकं रस्त्याला टेकली आणि खर्रर्र... शेपूट अजून उतारावरच! नियमाने चाकांमागचा भाग व्हीलबेसच्या ६० टक्क्यांपर्यंत लांब असू शकतो, घासतो तोच. मला डिपॉझिटचं टेन्शन, आईचा चेहरा पडलेला. वॉचमनकाकांनी दोन जाड फळ्या आणल्या. गाडी मागे घेतली, सगळे उतरलो, फळ्या पायथ्याशी टाकल्या. मग गाडी तिरकी, एकेक चाक फळीवर घेत काढली. शेपूट अधांतरी, सहीसलामत! तेव्हा बुकिंग करताना बेड-बाथरूम बघालच. वाकून मागची टाकी किती खाली लोंबतेय तेही बघा. आई? गणपतीपुळ्यापर्यंत तिने खिडकी सोडली नाही.