मोजले नाही

आमच्या शाळेच्या विज्ञान कपाटात एक जुनी दोनशेपानी वही आहे. पुठ्ठ्यावर ‘पाऊस’ एवढेच लिहिलेले. जून ते सप्टेंबर रोज सकाळी साडेआठला नववीच्या मुलांनी पावसाचे पाणी मोजायचे आणि आकडा या वहीत लिहायचा, हा आमचा नेम. हवामान खातेही याच वेळी मोजते, हे कळले की मुलांची छाती उगाच दोन इंच फुगते. पर्जन्यमापक त्यांनीच केलेला असतो. सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली, गळ्याचा भाग कापून उलटा बसवलेला, बाहेरून चिकटवलेली पट्टी, तळाच्या खळग्यांचा हिशेब मिटावा म्हणून शून्याच्या खुणेपर्यंत आधीच भरलेले पाणी, आणि कलंडू नये म्हणून विटांचा आधार.

एवढ्या साध्या बाटलीतून पुष्कळ शिकता येते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की ते एक लिटर पाणी होते. आपल्या शहरात वर्षाकाठी साधारण सातशे मिलिमीटर पडतो. मग तीनशे चौरस मीटरच्या गच्चीवर किती? फळ्यावर दोन लाख दहा हजार लिटर हा आकडा उमटला की वर्ग गप्प होतो. ज्या घरांत नळाला पाणी येण्याचे दिवस कॅलेंडरवर खुणा करून मोजतात, जिथे टाकी, पिंप, हंडा, सारे भरून ठेवावे लागते, त्या घरांतली ही मुले. लिटर म्हणजे काय, ते त्यांना सांगावे लागत नाही.

एका जुलैत रविवारची पाळी शाळेजवळ राहणाऱ्या एका मुलाची होती. वहीत त्याने लिहिले होते, 12 मिमी. सोमवारी मोजायला गेलेली मुलगी धावत आली. बाटली आडवी पडली होती. शिपाईकाका म्हणाले, “ती तर शनिवारीच पडली, दुपारी. पोरांचा चेंडू लागला.” मग रविवारी बारा मिलिमीटर कशात मोजले?

मुलगा माझ्यासमोर उभा राहिला. चौदा वर्षांचा, नुकतीच मिसरूड फुटू लागलेली. बराच वेळ खाली बघून म्हणाला, “मॅडम, मी गेलोच नव्हतो. रात्री पाऊस झालता, घरूनच अंदाजानं लिहिलं. रकाना मोकळा राहिला असता ना.”

खरेपणावरचे भाषण माझ्या ओठांवर तयार होते. मूल्यशिक्षणाच्या तासाला ते मी कितीदा दिले आहे. पण त्याच्या शेवटच्या वाक्याने मला थांबवले. रकाना मोकळा राहिला असता. ही भीती त्याला कोणी शिकवली? मीच. वर्षानुवर्षे मी प्रयोगवह्या तपासल्या. लंबकाचे आंदोलन असो की भिंगाचे नाभीय अंतर, उत्तर पुस्तकाप्रमाणे आले की बरोबरची खूण. मुले उत्तरावरून उलटे जाऊन निरीक्षणे भरतात, हे मला दिसत होते. वही पूर्ण आहे, अक्षर नेटके आहे, म्हणून मी सही करत गेले. फळ्यावर सत्याचा सुविचार आणि टेबलावर बनावट आकड्यांची चळत, दोन्ही एकाच खोलीत. चौदा वर्षांच्या मुलाला यातले काय खरे मानायचे ते बरोबर कळते.

त्या आठवड्यात मी वर्गाला आमच्या शहरातल्या जुन्या पाणचक्कीवर नेले. सहलीला म्हणून सगळे तिथे गेलेले होते. या वेळी पाण्याचा उगम शोधत गेलो. काही किलोमीटर लांबच्या डोंगराकडचे पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून येते, भिंतीतून वर चढते आणि हौदात कोसळते. अठराव्या शतकात त्याच्या जोरावर बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यात येणाऱ्यांसाठी दळण दळले जाई. त्याच्याही आधी, सतराव्या शतकात, मलिक अंबरने वसवलेल्या खडकी गावाला, म्हणजे आमच्याच शहराला, नहर-ए-अंबरी या कालव्याने पाणी दिले होते. पंप नाही, वीज नाही, फक्त उतार. मी मुलांना विचारले, हा उतार मोजणाऱ्यांपैकी एकाने एका टप्प्यावर घरी बसून अंदाजाने आकडा सांगितला असता तर? कोणी बोलले नाही. तो मुलगा हौदात पडणाऱ्या पाण्याकडे बघत होता. पाण्याला सबब सांगता येत नाही, हे त्या दिवशी मला वेगळे सांगावे लागले नाही.

म्हणूनच मला वाटते, शील आणि कौशल्य हे वेळापत्रकातले दोन तास नाहीत. 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हातकामातून शिक्षण मांडले. 1983 मध्ये डॉ. श्रीनाथ कलबागांनी पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला आणि शाळकरी मुलांच्या हातात शेतीची, सुताराची, वीजजोडणीची हत्यारे दिली. यातून मुले पोटापाण्याला लागतात, हे खरेच. पण त्याहून खोल काहीतरी घडते. चौकट काटकोनात नसेल तर दार लागत नाही. तिथे ना शिक्षकाची मर्जी चालते, ना गोड बोलणे. चूक वस्तूनेच दाखवली की मुलाचा अपमान होत नाही. ती कबूल करणे सोपे जाते आणि दुरुस्त करणेही त्याच्याच हातात राहते.

पाणचक्कीवरून परतताना नागसेनवन लागले. 1950 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे महाविद्यालय उभे केले, तेच मिलिंद महाविद्यालय. मिलिंद हा ग्रीक राजा, प्रश्न विचारणारा. नागसेन हा भिक्खू, उत्तरे देणारा. वादात भल्याभल्यांना गप्प करणाऱ्या त्या राजाने नागसेनाची उत्तरे पटली तेव्हा ती मोकळ्या मनाने मान्य केली. प्रज्ञेच्या जोडीला शील हवेच, हे सांगणाऱ्या बाबासाहेबांच्या महाविद्यालयाला या राजाचे नाव असावे, याचा अर्थ मला त्या संध्याकाळी नव्याने उमगला. आपले चुकले किंवा आपल्याला ठाऊक नाही, असे म्हणायला बुद्धीइतकेच धैर्य लागते.

दुसऱ्या दिवशी मुलाने विचारले, “मॅडम, ते बारा खोडू का?” मी म्हटले, खोडू नकोस. त्याने आकड्यावर एक सरळ रेघ मारली, आकडा वाचता येईल अशी. शेजारी लिहिले, ‘मोजले नाही’. खाली स्वतःची सही केली. वर्गात मी त्याबद्दल एक शब्द बोलले नाही. माझ्या प्रयोगवह्यांची पद्धत मात्र त्या दिवसापासून बदलली. पुस्तकाशी न जुळणाऱ्या निरीक्षणाला गुण मिळू लागले, का जुळले नाही ते लिहिले असेल तर.

पुढच्या वर्षी पावसाळा संपल्यावर मी वही चाळली. मोजले नाही, ताप होता. मोजले नाही, विसरलो. मोजले नाही, बाटली फुटली, नवी केली. अशा नऊ नोंदी होत्या, नऊ निरनिराळ्या अक्षरांत, कोणी न सांगता केलेल्या. त्याआधीच्या वर्षांची पाने मी उलटून पाहिली. जूनपासून सप्टेंबरपर्यंत एकही रकाना मोकळा नव्हता, आणि प्रत्येक पानाखाली माझी सही होती.