नकाशावरचा हिरवा तुकडा

मोबाइलवर मुंबईचा नकाशा उघडा. बोरिवली आणि ठाण्याच्या मध्ये मोठा हिरवा तुकडा दिसेल. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, सुमारे 104 चौरस किलोमीटरचं. मी नकाशांवर चालणारं सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या डेटाबेसमध्ये त्या तुकड्यावर 'पार्क' एवढाच शिक्का आहे. पण माझ्या कॉलेजमधल्या मित्राचं घर तिथेच आहे, वारल्यांच्या एका पाड्यात. उद्यान घोषित होण्याच्या आधीपासून.

"आम्ही आत घुसलो नाही रे," तो म्हणतो, "उद्यान आमच्याभोवती आलं."

म्हणून मी कायदा वाचायला घेतला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यान करायचं ठरलं, की जिल्हाधिकारी स्थानिक भाषेत जाहीरनामा काढतात. ज्याचा हक्क असेल त्याने दोन महिन्यांत लेखी दावा करायचा. दावा मान्य झाला, तर ती जमीन उद्यानातून वगळायची किंवा मोबदला देऊन घ्यायची. अभयारण्यात जुने हक्क पुढे चालू ठेवायची मुभा जिल्हाधिकाऱ्यांना असते. राष्ट्रीय उद्यानात नेमकी तीच तरतूद लागू होत नाही. सार्वजनिक वाट बंद केली, तर शक्य तिथे पर्यायी वाट देता येते. हमरस्त्याने जाणाऱ्या प्रवाशाला मात्र परवाना लागत नाही.

हमरस्ता सरकारी कागदावर आधीपासूनच असतो. विहिरीकडे जाणारी पायवाट असतेच असं नाही. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांनी दोन महिन्यांत काय लिहून द्यायचं होतं?

2006 च्या वनहक्क कायद्याने हे थोडं बदललं. तो राष्ट्रीय उद्यानांतही लागू आहे. आदिवासी कुटुंबाचा 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून त्या जमिनीवर ताबा असेल, तर दावा करता येतो. पडताळणी पूर्ण होईपर्यंत त्याला हटवता येत नाही. आणि पुरावा म्हणून गावातल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबही चालतो.

जंगल टिकायला हवं, याबद्दल मित्राचं दुमत नाही. बिबट्या त्याच्याही अंगणाजवळून जातो. त्याचं म्हणणं एवढंच, की आधी आमचा हक्क नोंदवा, मग काय ते बोलू.

शेजारची म्हातारी आता ऐंशीच्या पुढे आहे. कुठली विहीर कोणी खणली, देवाची जागा कुठे, वाट कुठून जायची, हे सगळं तिला तोंडपाठ आहे. मित्र रविवारी तिच्याजवळ बसून लिहून घेतो. ती दमली की वही मिटतो. अजून बरंच राहिलंय.