ओला रुमाल

पाण्याला संस्कृतात 'जीवन' असे एक नाव आहे. आम्हां कोंकणी माणसांच्या घरी तर पाण्याला आजही 'उदक' म्हणतात. दोन्ही शब्द किती पवित्र! परंतु आपल्या ग्वाल्हेरच्याच रेल्वेमार्गावर असलेल्या भोपाळ शहरी याच पाण्याने एका रात्री अनर्थ घडविला, हे मुलांना सांगताना जीभ अडखळते.

२ डिसेंबर १९८४ ची ती मध्यरात्र. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात 'सेव्हिन' हे कीटकनाशक तयार होत असे. त्यासाठी लागणारे मिथाइल आयसोसायनेट ६१० क्रमांकाच्या टाकीत साठविलेले होते. टाकीत पाणी शिरले, द्रव्य तापले, उकळले आणि सुमारे ४० टन विषारी वायू निजलेल्या शहरावर पसरला. हवेहून जड असल्यामुळे तो जमिनीलगतच सरपटत झोपड्याझोपड्यांत शिरला. शासनाने प्रथम २,२५९ मृत्यू नोंदविले. पुढे अधिकृत आकडाही पुष्कळ वाढला.

मी कलाशाखेचा पदवीधर. रसायनशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. पण येथले मर्म जाणण्यास ते शास्त्र लागत नाही. द्रव्य थंड ठेवणारे यंत्र कित्येक महिने बंद होते. निसटलेला वायू जाळणारा मनोरा दुरुस्तीसाठी निकामी पडला होता. राजकुमार केसवानी या पत्रकाराने १९८२ मध्येच 'रपट' साप्ताहिकातून शहराला सावध केले होते. कोणी मनावर घेतले नाही.

मनाला सर्वांत अधिक टोचते ती गोष्ट मात्र अगदी लहान आहे. ओले फडके नाकातोंडावर धरले असते, तर कितीकांची बाधा कमी झाली असती. टाकीत जे पाणी काळ ठरले, तेच रुमालात तारक ठरले असते! लोक धावत सुटले आणि धावताना अधिकच विष श्वासाबरोबर ओढीत गेले. ही हकीकत ऐकून वर्गातील एका मुलीने विचारले, "सर, मग त्यांना कोणी सांगितले कसे नाही?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

त्याच रात्री भोपाळ स्थानकावर गुलाम दस्तगीर हे उपस्थानक अधीक्षक कामावर होते. त्यांचाही श्वास कोंडत होता. तरी वरिष्ठांच्या आज्ञेची वाट न पाहता त्यांनी फलाटावरील गोरखपूरची गाडी वेळेपूर्वी सोडली आणि येणाऱ्या गाड्या थोपविण्याचे निरोप धाडले. शेकडो प्रवासी वाचले. त्यांच्या हाती काही अद्भुत विद्या नव्हती. जे कळले ते त्यांनी तत्काळ दुसऱ्यांच्या कामी लावले, एवढेच.

कारखान्याच्या आवारातील ३३७ टन विषारी कचरा तेथून हलविण्यास २०२५ साल उजाडावे लागले. विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कोणी उद्या रसायनतज्ज्ञ होईल, कोणी यंत्रावर पहारा करील. ज्या दिवशी तुम्हांला धोका कळेल, त्याच दिवशी तो कुंपणापलीकडच्या झोपडीतही कळू द्या.